चाळिशीच्या माथी मारलेलं वजन

'मी खाते तरी काय गं? पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं.' आमच्या भिशीत कुणी असं म्हटलं की त्याला शास्त्राचा टेकू द्यायचं काम माझ्याकडे असे. चाळिशी उलटली की मेटाबॉलिझम मंदावतं, आपल्या हातात काही नाही, असं मी ठासून सांगायची. सगळ्याजणी माना डोलवायच्या आणि बटाटेवड्यांची बशी पुढे सरकायची. हल्ली मी तो टेकू देत नाही, म्हणून थोडी नावडती झाले आहे.

मत बदललं ते 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासामुळे. हर्मन पॉन्त्झर आणि सहकाऱ्यांनी 29 देशांतल्या 6,400 हून अधिक माणसांचा ऊर्जाखर्च तपासला. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धांपर्यंत सगळे होते. मोजण्याची पद्धत मला फारच आवडली. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड, ओळखू येणारे अणू असलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि पुढे काही दिवस लघवीच्या नमुन्यांतून ते किती वेगाने बाहेर पडतात ते पाहायचं. हायड्रोजन पाण्यावाटेच जातो. ऑक्सिजन पाण्यावाटे जातो तसा श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. दोन्ही वेगांतल्या फरकावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड सोडला आणि किती ऊर्जा जाळली, ते कळतं. माणूस वहीत काय लिहितो आणि काय लपवतो, याच्याशी संबंधच नाही.

शरीराचं आकारमान आणि त्यातली चरबी यांचा हिशेब धरला, तर विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळजवळ तेवढाच राहतो, असं त्यांना दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर, तोही वर्षाला साधारण 0.7 टक्के. बायकांचा चयापचय मुळातच मंद, ही समजूतही त्यात टिकली नाही. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे सरकते हे खरं, पण त्या वयात चयापचय एकदम कोसळतो असं काही आढळलं नाही.

मग वाढलं काय? माझ्यापुरतं उत्तर स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्याने दिलं. एका चतुर्थीला खिचडीच्या कुटासाठी शेंगदाणे भाजताना जेवढे तोंडात टाकले असते तेवढे वाटीत काढले आणि तोलले. भरले 30 ग्रॅम, म्हणजे सुमारे 170 कॅलरी. खिचडी अजून कढईत पडायची होती. फोडणीचं तेल मी आयुष्यभर अंदाजाने ओतत आले, आणि मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी. हे सगळं माझ्या लेखी 'खाणं' नव्हतंच.

आता स्नायूंबद्दल. जिममधले प्रशिक्षक हमखास सांगतात, स्नायू वाढवा म्हणजे झोपेतही कॅलरी जळतील. मलाही ते पटलं होतं, कारण चाळिशीनंतर घटतात ते स्नायू, तेव्हा चयापचय नाही तर स्नायू तरी दोषी असतीलच! पण आकडे पाहिले तर किलोभर स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम 13 कॅलरी खर्च करतात आणि किलोभर चरबी साडेचारच्या आसपास. मोठे खर्चिक अवयव वेगळेच आहेत. यकृत किलोमागे 200, मेंदू 240, हृदय आणि मूत्रपिंडं तर 440. म्हणजे घाम गाळून तीन किलो स्नायू कमावले तरी बसल्याजागी रोजचा खर्च 40 कॅलरींनी वाढणार. अर्धी पोळीही नाही.

तरीही मी डंबेल्स उचलणं सोडलं नाही, उलट वाढवलं. त्याचं कारण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे दोघे बारीक डॉक्टर. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाटा दोघांनाही 'छान' म्हणाला असता. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही याज्ञिक यांच्या चमूला हेच दिसलं. सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, हातपाय काटकुळे, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आपल्याकडे बारीक माणसांनाही मधुमेह का गाठतो, याचा एक मोठा धागा इथे आहे. जेवणानंतर रक्तातली साखर ओढून साठवायचं काम मुख्यतः स्नायूंचं. ते कमी असले की साखर जाणार कुठे?

म्हणून वजन उतरवण्यासाठी ताट बघावं आणि स्नायू राखण्यासाठी वजनं उचलावीत, असं माझं आता मत आहे. नुसतं उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. काटा खाली आला म्हणून पेढे वाटू नयेत. डाळ, उसळ, दही, अंडी यांना ताटात जागा वाढवायची ती याचसाठी. आणि साठीनंतर जमिनीवरून हात न टेकता उठता येणं मला दोन किलो कमी होण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

तुम्हाला मोजायचंच असेल तर शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर धरा. बायकांनी 80 सेंटिमीटरच्या आत राहावं, पुरुषांनी 90 च्या. पोट आत ओढू नका.