शिरोरेषेतली भोकं

पांढरा रंग आणि भोक यांतला फरक पडद्यावर नुसतं बघून कळत नाही. काळ्या चौकोनावर पांढरा चंद्र काढला, की तो कापल्यासारखाच दिसतो. मग त्या चौकोनाखाली निळा कागद सरकवावा. रंगवलेला चंद्र पांढराच राहतो, कापलेला निळा होतो. माझा जीव या दुसऱ्या चंद्रावर आहे. मागे जे असेल ते तो येऊ देतो.

इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये तो कापणं सोपं आहे. चौकोनावर वर्तुळ ठेवायचं, दोन्ही निवडायचे, 'पाथ'च्या मेनूतून 'डिफरन्स' द्यायचा. वरचा आकार खालच्यातून आपल्यापुरती जागा घेऊन जातो. फोटोला असं कापता येत नाही, त्याला क्लिप लावावी लागते. आणि क्लिप आकाराच्या आतलं दाखवते, बाहेरचं झाकते. आपल्याला नेमकं उलट हवं असतं. 2020 साली आलेल्या 1.0 आवृत्तीपासून उलट्या क्लिपची सोय मेनूतच आहे, तरी मला जुनी रीत प्रिय आहे: अख्खं चित्र झाकेल एवढा आयत काढायचा, त्यातून आकार कापून टाकायचा आणि उरलेला भोकाचा आयत क्लिप म्हणून चढवायचा. हात असा फिरला की आपण काय ठेवतोय आणि काय घालवतोय ते नीट उमगतं. क्लिपऐवजी मास्कही लावता येतो, पण त्याचं गणित उजेडाचं. पांढऱ्याखालचं दिसतं, काळ्याखालचं लपतं, करड्याखालचं अर्धवट. तो उलटवायचा तर पांढऱ्या आयतावर काळा आकार.

पण आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे संगणक कसं ठरवतो? एका बिंदूपासून सरळ रेघ दूरवर न्यायची आणि वाटेत ओलांडलेल्या कडा मोजायच्या. संख्या विषम आली तर बिंदू आत, सम आली तर बाहेर. दुसरा नियम कडेची दिशाही बघतो: एका बाजूने जाणारी कड अधिक एक, उलटी जाणारी वजा एक, आणि बेरीज शून्य आली तरच बाहेर. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत हे दोन्ही नियम आहेत, एसव्हीजी या चित्रांच्या फाइलप्रकारातही आहेत. ट्रूटाइप फॉन्टमधल्या अक्षराची बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आणि आतली उलटी, ती याच दुसऱ्या नियमासाठी. आतली कड उलटी फिरते म्हणूनच 'क'ची पोकळी उघडी राहते.

देवनागरीत अशा पोकळ्या फार. 'क', 'व', 'ब' तर बंद आहेतच. 'प', 'म', 'स' यांनाही शिरोरेषा वरून बंद करते. रेडियमवाल्याकडे गाडीच्या काचेवरचं नाव कापून झालं, की या पोकळ्यांचे तुकडे एकेक करून उचलावे लागतात. पत्र्याच्या छाप्यात याच्या उलट. तिथे अक्षरच कापून काढायचं असतं. मग मधल्या तुकड्याला धरायला काही उरत नाही आणि तो गळून पडतो. म्हणून कारागीर पत्र्याची बारीक पट्टी मध्ये ठेवतो, आणि रंग लावल्यावर अक्षरात तेवढी फट दिसते. त्या फटी मला सुंदर वाटतात. अक्षर कसं तगलं ते त्या सांगतात.

शिरोरेषेतल्या भोकांबद्दल मात्र असं म्हणवत नाही. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतं, आणि मध्ये फट पडू नये म्हणून हे तुकडे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. दोन्ही कडा एकाच दिशेच्या. बेरीज दोन होते, रेघ अखंड दिसते. पण कोरलड्रॉ या दुसऱ्या चित्र-प्रोग्राममध्ये नाव कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून ते 'कंबाइन' केलं की पहिला नियम लागू होतो. तुकडे जिथे एकमेकांवर आले तिथे संख्या सम, म्हणजे बाहेर! जोडण्यासाठी जी जादा जागा दिली होती, नेमकी तीच कापली जाते. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर कुणाच्या तरी नावात अशा पांढऱ्या चिरा दिसल्या की मला मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय एका क्लिकचा आहे. 'कंबाइन'च्या जागी 'वेल्ड' करावं: चढलेले तुकडे एक होतात आणि 'क'ची खरी पोकळी जशीच्या तशी राहते.

फाइल छापायला देण्याआधी मी पडदा खूप मोठा करून शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे एकदा जातोच, आणि वेलांट्या व मात्रा जिथे टेकतात तिथे जास्त वेळ थांबतो, कारण हा चढाव तिथेही असतो.