वासरकुप्पेच्या माथ्यावरची वही

जर्मनीतील ऱ्होन डोंगररांगेत वासरकुप्पे हे ९५० मीटर उंचीचे शिखर आहे. १९२० साली येथे ग्लायडिंगची स्पर्धा भरली आणि बिनइंजिनाच्या विमानांचे हे माहेरघर झाले. सूनबाई तेथे उड्डाणास गेल्या, तेव्हा सात वर्षांच्या नातवासह मी खाली थांबले.

या छंदात आकाशापेक्षा जमिनीवरच अधिक वेळ जातो. अशा ठिकाणी म्हातारे आणि मुले अडगळ ठरतात, ही माझी धास्ती होती. परंतु एका वयस्क सभासदाने प्रथम आम्हांस सीमारेषा दाखविली. विंचच्या तारेमुळे तिच्यापलीकडे पाऊल टाकावयाचे नव्हते. मग सावलीत खुर्ची दिली आणि उड्डाणांच्या वेळा टिपण्याची वही हाती ठेवली. नातू घड्याळ पाहून वेळ सांगे, मी लिहून घेई. वारा बोचरा होता. शाल आणि पाण्याची बाटली उपयोगी पडली. गुडघ्यांचे दुखणे मात्र दिवसभर आठवले नाही.

सायंकाळी सूनबाईंचे ग्लायडर अलगद उतरले. नातू आनंदाने धावला, रेषेपाशी आपणहून थांबला आणि मागे वळून ओरडला, “आजी, वेळ लिही!”

तेथे चौदाव्या वर्षी मुलांस एकट्याने उडता येते. अजून सात वर्षे आहेत. त्याचीही वेळ मलाच लिहावयाची आहे.