हाक आणि ओ

त्या मे महिन्यात कराडच्या घरात सगळे घामाघूम होते आणि आई अंगावर शाल घेऊन बसायची. डाळ निवडता निवडता तिचा डोळा लागायचा. आवाज घोगरा झाला होता, भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती. "साठी जवळ आली, चालायचंच," असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. त्याची बोच अजून जात नाही, कारण तिच्या शरीरातल्या एका कोपऱ्यातून कित्येक महिने आरडाओरडा चालला होता.

तो ऐकू आला रक्ताच्या रिपोर्टमध्ये. टीएसएच 68. हा आकडा साधारण 0.4 ते 4 असावा लागतो.

"थायरॉइड वाढलाय," असं मावशीला फोनवर कळवलं गेलं. आपल्याकडे असंच बोलतात आणि घोळ तिथेच होतो. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी लिहून दिली, तेव्हा आईनं सरळ विचारलं, "वाढलेलं असताना वर आणखी कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. डॉक्टरांनी तिलाच उलट विचारलं, "पोरं खेळायला गेली आणि हाकेला ओ दिली नाही, तर तुम्ही काय करायचा?"

"आणखी मोठ्यानं हाक मारायचे."

"हा 68 म्हणजे ती हाक."

टीएसएच गळ्यातल्या थायरॉइडमधून येतच नाही. तो सोडते मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी. तिच्यावर हायपोथॅलॅमसची देखरेख असते. टीएसएच मिळाला की थायरॉइड आयोडीन वापरून थायरॉक्सिन बनवते. ते रक्तातून अंगभर फिरतं आणि पेशींच्या कामाचा वेग ठरवतं: ऊब, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल. तेच थायरॉक्सिन फिरत फिरत पियूषिकेपर्यंतही पोचतं. पुरेसं असेल तर ती गप्प बसते, थोडं जरी कमी पडलं तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढवते. आईची थायरॉइड ओ देऊ शकत नव्हती, कारण तिच्याच प्रतिकारशक्तीनं त्या ग्रंथीवर हल्ला केला होता. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये वर्णन केलेला हा आजार.

गोळी 50 मायक्रोग्रॅमची. सकाळी अनोशा पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा किमान अर्ध्या तासानं. उठल्या उठल्या चहा लागणाऱ्या बाईला हा अर्धा तास डोंगराएवढा वाटला. कॅल्शियमची गोळी रात्रीवर गेली, कारण ती थायरॉक्सिन नीट शोषू देत नाही. सहा आठवड्यांनी टीएसएच 19. डोस 75 झाला. पुढच्या खेपेला 3.1.

बरं वाटलं आणि आईनं कुणाला न सांगता गोळी सोडली.

पंधरा दिवस काहीच बिघडलं नाही, त्यामुळे तिची खात्रीच पटली. पण थायरॉक्सिनची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला सुमारे एक आठवडा लागतो. शिल्लक साठा हळूहळू सरत जातो. दोन महिन्यांनी शाल परत बाहेर आली.

तेव्हा तिला न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांची गोष्ट सांगितली. 1891 मध्ये त्यांनी अशाच आजारानं सुजलेल्या 46 वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि पुढे उपचार घेत आणखी 28 वर्षं जगली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिनं मध्ये कधी सोडलं नाही?"

आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज एक बारीक टिंब असतं. ते गोळीचं. आणि सकाळी चहाची वाट बघत, मागच्या दारातून ती शेजारच्या काकूंना हाक मारते, तेव्हा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो.