तोलार खिंडीच्या पुढे

हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या वाटा तीन जिल्ह्यांतून येतात. पाचनई अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वर पुणे जिल्ह्यात आणि नळीच्या वाटेच्या पायथ्याचे बेलपाडा ठाणे जिल्ह्यात. हा भूगोल पूर्वी मला केवळ माहितीपुरता ठाऊक होता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी खिरेश्वराहून एकटाच निघालो. सोबत्याने आयत्या वेळी नकार दिला होता. घरी सांगितले ते एवढेच, "हरिश्चंद्रगडावर जातो, रात्री परततो."

तोलार खिंडीनंतर कातळाचा चढ लागतो. तेथे माणूस आपोआप सावध होतो. फसगत होते ती वरच्या टेकड्यांत. एक टेकडी दुसरीसारखीच. गुरांच्या पायवाटा जागोजागी फुटलेल्या. त्यात धुके उतरले. अशीच एक पायवाट धरून चालत राहिलो, ती कारवीत जाऊन संपली. माघारी वळताना शेवाळलेल्या दगडावरून घसरलो आणि घोटा मुरगळला. दुपारचे अडीच वाजले होते. मोबाइलला रेंज नव्हती. कपडे चिंब, वाऱ्याने भर श्रावणात दात वाजू लागले. कोकणकड्याच्या बाजूला भरकटलो नव्हतो, हे नशीबच. तेथे धुक्यात जमीन कोठे संपते ते कळत नाही.

बसल्या बसल्या मनाशी हिशेब मांडला. घरची मंडळी रात्री दहापर्यंत वाट पाहतील. मग विचारपूस सुरू होईल. कोणीही सांगेल, हल्ली बहुतेक लोक पाचनईनेच जातात. म्हणजे शोध दुसऱ्याच जिल्ह्यातून सुरू होणार, आणि माझी गाडी खिरेश्वरात उभी! घोटा दुखत होताच. परंतु धास्ती वाटली ती त्या अर्धवट वाक्याची.

चारच्या सुमारास चुकलेली म्हैस शोधत खिरेश्वरचा एक गुराखी तेथे आला. आधाराला काठी देत त्याने विचारले, "संगं कोन न्हाई?" उत्तर देताना मान वर होईना. त्याच्या खांद्यावर हात ठेवून खिंड उतरलो, तोवर अंधार पडला होता. म्हैस त्याला त्या दिवशी मिळालीच नाही.

आता गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय निघत नाही. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर गाव, वाट, गाडीची जागा, वाटाड्याचा क्रमांक आणि कितीपर्यंत वाट पाहायची ती वेळ लिहून ठेवतो. मागच्या खेपेस आळेफाट्याच्या वाहतुकीत अडकून वीस मिनिटे उशीर झाला. घरी पोहोचलो, तेव्हा सौभाग्यवतींचा खिरेश्वरला फोन चालू होता.