नाव नसलेले गाव

हेन्रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराचे १८८२ साली प्रसिद्ध झालेले एक नाटक मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'लोकशत्रू'. ते दक्षिण नॉर्वेतील एका लहानशा किनारी गावात घडते. गाव काल्पनिक आहे. लेखकाने त्याला नावही दिलेले नाही.

या गावाची भरभराट तेथील आरोग्यस्नानांवर अवलंबून आहे. बाहेरगावचे लोक तेथे बरे होण्यासाठी येतात. कातडी कमावण्याच्या कारखान्यांमुळे ते पाणीच दूषित झाल्याचे डॉ. स्टॉकमन यांना तपासणी अहवालातून कळते. स्नाने दोन वर्षे बंद ठेवावी लागतील आणि खर्च नागरिकांवर पडेल, हे स्पष्ट होताच पाठराखण करणारे वर्तमानपत्रही फिरते. नगराध्यक्ष असलेला सख्खा भाऊ विरोधात उभा राहतो. अखेर जाहीर सभा डॉक्टरांनाच लोकशत्रू ठरविते.

समुद्रापासून दूर अशा अहिल्यानगर जिल्ह्यात राहूनही या गावकऱ्यांना केवळ खलपुरुष मानणे मला जमत नाही. २०२० मध्ये साथीमुळे साईमंदिर बंद झाले, तेव्हा भाविकांवर चालणारी शिर्डीची बाजारपेठ ओस पडली. पोटाची भीती खरीच असते.

या नाटकाचे संवाद मराठीत सांगताना माझ्यातील भाषाभ्यासक एका सर्वनामापाशी थांबतो. नॉर्वेजियन भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे 'वी' हे एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत. आदरार्थी 'आपण' बाजूला ठेवला, तर 'आपण' ऐकणाऱ्याला सामावून घेतो. 'आम्ही' त्याला बाहेर ठेवतो. मराठीतील डॉक्टर प्रारंभी 'आपले पाणी' म्हणतील. सभा मात्र 'आमचे गाव' असे उत्तर देईल.

हा भेद मी पुस्तकाआधी गावात ऐकला. पायऱ्या उतरून बारवेचे पाणी भरल्याने नारू पसरतो, असे सांगायला माझ्या लहानपणी एक आरोग्यसेवक येत. 'आपण पायऱ्या बुजवू, पाणी शेंदून घेऊ', असे ते म्हणत. 'ही आमची बारव आहे', असे वडीलधारे उत्तर देत. आरोग्यसेवक त्याच तालुक्याचे होते. त्या एका शब्दाने ते परके झाले. तरीही ते येत राहिले. अशा अनेकांच्या चिकाटीमुळेच २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

हे नाटक वाचताना विद्यार्थ्यांनी गावाचे नाव शोधू नये. गैरसोयीचे सत्य सांगणारा माणूस ग्रामसभेत किंवा घरात उभा राहिला, की त्याच्याशी बोलताना आपल्या तोंडी 'आपण' येते की 'आम्ही', एवढे मात्र जरूर ऐकावे.