पहिली दुर्बीण

दुर्बीण विकत घेण्याची इच्छा बहुधा एकाएकीं उत्पन्न होते. एखादें चंद्रग्रहण होतें, वर्गांत सूर्यमालेचा धडा चालू असतो, किंवा शेजारच्या घरीं एक चकचकीत नळी येते, आणि मग मुलाचा हट्ट सुरू होतो. हा हट्ट आम्हांस अत्यंत प्रिय आहे. परंतु तो पुरवितांना वडील मंडळींची पुष्कळदां फसगत होते, आणि तिचें खापर मात्र मुलाच्या माथीं फुटतें. "चार दिवसांचें वेड होतें, ओसरलें," असें म्हणून सर्व मोकळे होतात! म्हणून ह्या विषयासंबंधीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस दोन शब्द सांगावे असें आम्हांस वाटतें.

आमचा भाचा नववींत असतांना त्याच्या वडिलांनीं दिवाळीच्या बोनसांतून त्याला एक आरशाची दुर्बीण आणून दिली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५२५ पट' असें छापलेलें होतें. पंधरा दिवसांनीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों, तों दुर्बीण कपाटावर चढलेली! "मामा, ५२५ पट मोठें दिसतें म्हणतात, मग गुरु नुसता पांढरा डाग कां दिसतो?" असें त्यानें विचारलें. तेव्हां आम्हीं ती खालीं उतरविली व कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासह हिशेबाला बसलों.

आरशाचा व्यास ७६ मिलिमीटर होता. नाभ्यंतर, म्हणजे आरशापासून ज्या अंतरावर ताऱ्याची प्रतिमा तयार होते तें अंतर, ७०० मिलिमीटर होतें. दुर्बीण किती पट मोठें दाखविते हें काढावयाचें तर ह्या अंतरास डोळ्याजवळच्या भिंगाच्या नाभ्यंतरानें भागावयाचें. सोबत ४ मिलिमीटरचें भिंग होतें. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्यास तिप्पट करणारें बार्लोचें भिंग जोडलें कीं झाले ५२५. हिशेब बिनचूक, पण उपयोग शून्य! आरशाच्या दर मिलिमीटरास फार तर २ पट, असा जाणत्यांचा दंडक आहे. म्हणजे ह्या आरशाची मर्यादा सुमारें १५०. त्यापलीकडे प्रतिमा पसरते व अंधुक होते, तपशील मात्र वाढत नाहीं. त्यांतून तिपाई इतकी डळमळीत कीं, बोट लागतांच गुरु दृष्टीआड व्हावा.

आणि इतकी पट हवी तरी कशाला? गुरु पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हां अवघ्या ४० पटींत त्याचें बिंब नुसत्या डोळ्यांनीं दिसणाऱ्या चंद्राएवढें होतें. न्यूटननें १६६८ सालीं स्वतःच्या हातांनीं घडविलेली आरशाची दुर्बीण सुमारें ६ इंच लांब होती व जवळजवळ ४० पटच मोठें दाखवीत असे. तिचा आरसा कांचेचा नव्हता. मुख्यतः तांबें व कथील यांच्या मिश्रधातूचा होता. तरी तिच्यांतून त्याला गुरूचे चंद्र दिसले. आम्हीं भाच्यास २० मिलिमीटरचें भिंग लावावयास सांगितलें, म्हणजे ३५ पट. त्या रात्रीं त्यानें गुरूचे चारी चंद्र एका ओळींत पाहिले व कपाटावरची दुर्बीण पुन्हां खालींच राहिली.

वर्षभरानें तिपाईनें अगदींच मान टाकली, तेव्हां दुसऱ्या दुर्बिणीचा विचार निघाला. "आतां पुन्हां पैसे पाण्यांत जावयास नकोत," हें आमच्या मेहुण्यांचें म्हणणें रास्तच होतें. चांगल्या सायकलीइतकी रक्कम मोडावयाची होती. ११४ मिलिमीटरची एक दुर्बीण स्वस्त होती. परंतु नाभ्यंतर १००० मिलिमीटर लिहिलेलें आणि नळी मात्र त्याच्या निम्मी! अशा दुर्बिणींत नळीच्या आंत एक जादा भिंग दडविलेलें असतें, आणि त्यामुळें आरसे जुळविणें नवशिक्यास फार जड जातें. ती आम्हीं बाजूस सारली.

राहिल्या दोन. एक १५० मिलिमीटरची, सव्वा मीटरभर नळीची, बैठकीसह सुमारें १५ किलो वजनाची. दुसरी १३० मिलिमीटरची, ६५० नाभ्यंतराची, टेबलावर ठेवावयाची. दोहोंसही डॉब्सनच्या पद्धतीची लांकडी बैठक होती. जॉन डॉब्सन ह्या गृहस्थानें सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांस आकाश दाखवितां दाखवितां ही साधी पेटीसारखी बैठक लोकप्रिय केली. तिला ना चाकें ना घड्याळ, पण ती हलत नाहीं. १५० च्या आरशाला १३० पेक्षां एक तृतीयांश प्रकाश अधिक मिळतो, म्हणून मुलाचें मन तिच्यावर गेलें. आम्हीं त्याला पंधरा किलो तांदुळाचें पोतें घेऊन तीन जिने चढावयास सांगितलें. दुसऱ्या जिन्यावरच त्यानें १३० चा कौल दिला. जुन्या ७६ च्या मानानें तिचा प्रकाश जवळजवळ तिप्पट होता! घरापुढें अंगण असतें तर आम्हीं बेलाशक १५० घ्या म्हटलें असतें. मात्र १३० मध्यें एक गोष्ट दुकानदाराकडून लेखी घेतली: आरसा पॅराबोलाच्या आकाराचा आहे ना? ७६ च्या लांब नळीस साधा गोलीय आरसा चालून जातो; एवढ्या आखूड नळीस चालत नाहीं.

ज्यांस शक्य असेल त्यांनीं विकत घेण्यापूर्वीं दुसऱ्याच्या दुर्बिणींतून एकदां पाहावें. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हें काम करीत आहे. मुंबईस खगोल मंडळ आहे. तेथील मंडळी प्रश्नांस कंटाळत नाहींत, हा आमचा अनुभव आहे.

घरीं आणल्यावर दुर्बीण अर्धा तास उघड्यावर ठेवून थंड होऊं द्यावी. सिमेंटची गच्ची दिवसाची उष्णता बराच वेळ सोडीत असते, म्हणून उशिराची वेळ बरी. आरशावर थोडी धूळ बसली तर बसूं द्यावी. पुसण्यानें अधिक नुकसान होतें. पावसाळ्यांत ती कोरड्या जागीं झांकून ठेवावी. आणि सूर्याकडे ती कधींही, क्षणभरसुद्धां, वळवूं नये. डोळा कायमचा जातो.

२०२५ च्या नोव्हेंबरांत शनीचीं कडीं आपल्याकडे अगदीं कडेनें वळलेलीं होतीं. भाच्यानें ६५ पटींत तीं पाहिलीं व आम्हांस फोन केला, "मामा, शनीला कोणीं सुई टोंचली आहे!" मागून मेहुण्यांचा आवाज ऐकूं आला, "आतां सरक जरा, मला पाहूं दे."