पहिला बेस चोरता येत नाही

१/ क्रिकेटमधली 'चोरटी धाव' फटका मारल्यानंतर घेतली जाते. बेसबॉलमधली चोरी फटक्याची वाट पाहत नाही. पिचर चेंडू फेकू लागताच पहिल्या बेसवरचा धावक दुसऱ्या बेसकडे सुटतो. अंतर ९० फूट. चेंडू पिचरकडून कॅचरकडे आणि तिथून दुसऱ्या बेसवर पोहोचायला साधारण सव्वातीन ते साडेतीन सेकंद. धावकाच्या हाती एवढाच अवकाश.

२/ मेजर लीगचे संघ आपले तरुण खेळाडू मायनर लीगमध्ये घडवतात. तिथे १९८३ साली मेकन संघाच्या व्हिन्स कोलमनने एका हंगामात १४५ बेस चोरले. हा विक्रम २९ वर्षे टिकला.

३/ तो मोडणारा बिली हॅमिल्टन १९९० मध्ये मिसिसिपीतील कॉलिन्स या छोट्या गावात जन्मला. विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळण्याची संधी त्याने सोडली आणि २००९ मध्ये सिनसिनाटी रेड्सची वाट धरली. जागा मिळाली शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली.

४/ २०११ मध्ये डेटन संघाकडून त्याने १०३ बेस चोरले. २०१२ चा हंगाम कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डला सुरू झाला. तिथले जुने मैदान असे बांधलेले, की मावळता सूर्य थेट फलंदाजाच्या डोळ्यांवर येई. सामने त्यामुळे उशिरा सुरू होत. या संघाकडून ८२ सामन्यांत १०४ चोऱ्या. मग एक पायरी वर, फ्लोरिडातील पेन्साकोला संघात, ५० सामन्यांत ५१. २१ ऑगस्टला कोलमन मागे पडला. हंगामाअखेर आकडा होता १५५.

५/ या आकड्यामागे दुसरा एक आकडा दडला आहे. त्या हंगामात हॅमिल्टन शंभरपैकी सुमारे ४१ वेळा बेसवर पोहोचला. चोरीसाठी आधी बेसवर असावे लागते. पहिला बेस फटक्याने किंवा संयमानेच मिळवावा लागतो.

६/ विक्रमाच्याच वर्षी, शरद ऋतूत, त्याची शॉर्टस्टॉपची जागा गेली. रेड्सने त्याला सेंटर फील्डच्या विस्तीर्ण पट्ट्यात नेले. ३ सप्टेंबर २०१३ रोजी तो मेजर लीगमध्ये उतरला, तोही बदली धावक म्हणून. समोर यादिएर मोलिनासारखा नामांकित कॅचर असताना त्याने दुसरा बेस चोरला आणि पुढे धावही केली. रेड्सने सामना १-० असा जिंकला.

७/ पुढील चार हंगामांतील त्याच्या चोऱ्या : ५६, ५७, ५८, ५९. वेग कुठेही उणावला नव्हता. मात्र वरच्या दर्जाच्या पिचरांपुढे तो शंभरपैकी जेमतेम ३० वेळाच बेसवर पोहोचत होता. शंभरी त्याला तिथे कधीच गाठता आली नाही. कोलमनने मात्र १९८५ मध्ये, मेजर लीगच्या पहिल्याच वर्षी, ११० बेस चोरले होते.

८/ विक्रमांच्या यादीत १४५ आणि १५५ एकाखाली एक उभे दिसतात आणि दुसरा खेळाडू सरस भासतो. इतिहासाच्या वाचकाने इथे थोडे थांबावे. कोणताही आकडा आपल्या मैदानाचा, प्रतिस्पर्ध्यांचा आणि पायरीचा असतो. १५५ हा आकडा २०१२ च्या उन्हाळ्याची साक्ष देतो, आणि ती साक्ष खरीच आहे. पुढच्या पायरीचे भाकीत त्याच्याकडे मागणे हा त्याच्यावरचा अन्याय ठरेल.